बारा वाट्यांचं वाण

माझ्या आईने दिलेल्या सोन्याच्या पाटल्या मला न विचारता विकून माझ्या नवऱ्याने, सूरजने, क्रिप्टो घेतलं. सरकार फोन बघतं, कागद शोधतं, म्हणून वॉलेट उघडायचे बारा शब्द त्याने स्टीलच्या बारा वाट्यांवर कोरून घेतले, आपण भांड्यांवर नाव घालतो तसे. स्वयंपाकघरात कोण बघतंय, म्हणे!

मी बघत होते. संक्रांतीला हळदीकुंकू केलं आणि डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीतल्या बारा बायकांना एकेक वाटी वाण म्हणून लुटली.

काल क्रिप्टो विकायला बसला, तेव्हा त्याने भांड्यांचा अख्खा रॅक उपसला.

"विनिता, वाट्या कुठायत?"

"वाण दिलं. आता दारोदार जाऊन परत माग. पहिली वाटी इन्कम टॅक्समधल्या परुळेकरबाईंकडे आहे. जा, बेल वाजव."