तळं अगदी पायाशी

धाकटीने बेचाळीस गावांची वर्णनं लिहिली होती आणि त्यांतलं एकही गाव पाहिलं नव्हतं. ही गोष्ट ती लपवत नसे. कोणी विचारलंच तर हसून सांगे, "पाहिलं असतं तर एवढं चांगलं लिहिता आलं नसतं."

सहलींच्या कंपनीत तिला चौदा वर्षं झाली होती. चार छायाचित्रं, एक नकाशा आणि तिथल्या हॉटेलात केलेला एक फोन, एवढ्या सामग्रीवर ती अर्ध्या पानाचा मजकूर असा लिही की वाचणाऱ्याने बॅग भरायलाच घ्यावी. स्वतः कुठे जायला तिला जमलंच नाही. आई अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होती. धाकटीची सगळी रजा आईची कूस बदलण्यात, तिच्या पाठीला पावडर लावण्यात आणि दवाखान्याच्या बाकावर बसण्यात गेली. आई गेली तोवर न पाहता लिहायची सवय अंगात इतकी मुरली होती, की आता जाऊन बघावं असं तिच्या मनातही येईना.

धाकटी म्हणजे दोघी बहिणींतली धाकटी. ताईने एकदा ऑफिसात फोन करून "धाकटीला द्या" म्हटलं, तेव्हापासून हे नाव तिथेही चिकटलं ते चिकटलंच.

ताईचे यजमान, म्हणजे धाकटीचे भाऊजी, जमीन मोजणीच्या खात्यात होते. माणूस अबोल, पण काटेकोर. "जवळच आहे" असं कोणी म्हटलं, की ते विचारत, "जवळ म्हणजे किती?" ते निवृत्त झाले तेव्हा ताई धाकटीला म्हणाली, "तुझ्या त्या गावांतलं एखादं छानसं सांग. यांचा उजवा गुडघा कुरकुरतो, तेवढं लक्षात ठेव. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघंच कुठे जाणार आहोत."

धाकटीने तळ्याचं गाव सुचवलं. का, तर तिथे चढउतार नाही. तसं तिनेच लिहिलं होतं: 'हॉटेलच्या दारापासून चार पावलांवर निळंशार तळं. वडीलधाऱ्यांनीही निवांत फिरावं असा सपाट काठ.' ते लिहिण्याआधी तिने हॉटेलच्या मालकिणीला फोनवर विचारलं होतं, तळं किती लांब आहे म्हणून. त्या बाई म्हणाल्या होत्या, "लांब कुठलं, अगदी पायाशी आहे." बाकीचं धाकटीच्या लेखणीने केलं होतं.

आठ दिवसांनी दोघं परतली. धाकटी भेटायला गेली तेव्हा भाऊजींच्या हातात काठी होती.

"न्हाणीघरात पाय घसरला," ताई म्हणाली. "तिथे नाही गं, इथे. आल्या आल्या."

"आणि गाव कसं होतं?"

"छान होतं. शांत."

"तळं?"

"तळंही छान होतं," ताई म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. भाऊजी वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही की मान वर केली नाही. धाकटी खुशीत घरी गेली. आपण लिहिलेल्या ठिकाणी आपलीच माणसं जाऊन आली, याचं तिला कौतुक वाटत होतं.

पाच महिने गेले. भाऊजींची काठी काही सुटली नाही. "वय आहे," ताई म्हणे आणि विषय बदले.

ऑफिसात प्रवाशांनी भरून दिलेले अभिप्रायाचे कागद वाचायचं काम एका बाईंकडे होतं. त्या आपल्या मुलीच्या बाळंतपणासाठी महिनाभर रजेवर गेल्या आणि त्यांचा गठ्ठा धाकटीच्या टेबलावर आला. एवढ्या वर्षांत तिने हे कागद कधी उघडून पाहिले नव्हते. सुरुवातीला तिला गंमत वाटली. एकाने लिहिलं होतं, 'पुस्तिकेतला धबधबा बघायला गेलो. तिथे एक माणूस नळ दुरुस्त करत होता.' एका बाईंनी लिहिलं होतं, 'खोलीतून समुद्र दिसतो हे खरं आहे, पण त्यासाठी कपाटावर चढावं लागतं.' धाकटी खुदकन हसली. मग खोलीतून समुद्र दिसतो हे वाक्य आपलंच आहे हे आठवलं आणि हसू अर्ध्यावर राहिलं.

दुपारी तळ्याच्या गावाचे कागद आले. तिसरा कागद हातात घेतला आणि तिचा हात थांबला. सरळ, बारीक अक्षर. सातच्या आकड्याच्या पोटात आडवी रेघ. असा सात तिच्या ओळखीत एकच माणूस काढी.

'हॉटेल कड्यावर आहे. तळं कड्याखाली आहे. पायऱ्या दोनशे सत्तावन्न (257), कठडा नाही. एकशे सत्त्याहत्तराव्या (177) पायरीवर मी पडलो. पुढच्या ऐंशी बसल्या जागेवरून मोजल्या. पाणी तिथून दिसत नाही. पत्नी दोन तास उन्हात माझ्याजवळ बसून होती. लिहिणाऱ्याने हे ठिकाण पाहिलेलं नसावं. माझं नाव लिहीत नाही, घरचा प्रश्न आहे.'

खाली छापील प्रश्न होता: हे ठिकाण पुन्हा पाहायला आवडेल का? त्यापुढे एकच शब्द होता. 'नाही.'

धाकटीने तो कागद तीनदा वाचला. मग घडी करून पर्समध्ये टाकला, साहेबांकडे जाऊन दोन दिवसांची रजा मागितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघाली. ताईला काही सांगितलं नाही.

बस दुपारी पोचली. हॉटेल म्हणजे दुमजली पिवळी इमारत, भिंतीला ओल आलेली. काउंटरमागे एक बारीकशी बाई टॉवेलांच्या घड्या घालत होती. आवाज ऐकताच धाकटीने ओळखलं, फोनवर बोललेली मालकीण ती हीच.

"मी कंपनीतून आलेय," धाकटी म्हणाली. "तुमच्या गावाचं मीच लिहिलंय."

मालकिणीने हातातली घडी पुरी केली आणि मगच वर पाहिलं. "तुम्ही होय. बरं झालं आलात. दर आठवड्याला कोणीतरी तुमची पुस्तिका माझ्या तोंडापुढे नाचवतं. सपाट काठ कुठाय, निळं पाणी कुठाय. जसं काही मीच गिळलं."

"तुम्ही म्हणाला होतात, तळं अगदी पायाशी आहे."

"मग? आहेच की. कड्याच्या पायाशी." मालकिणीने खिडकीतून खाली बोट केलं. "पायऱ्या आहेत का, असं तुम्ही विचारलंत कुठे? विचारलं असतंत तर सांगितलं नसतं का? मला काय लोकांचे शिव्याशाप हवेत?"

 धाकटीने पाच महिन्यांपूर्वीच्या जोडप्याबद्दल विचारलं. "पायऱ्यांवर पडले होते ते. काठीवाले."

"तेव्हा काठी कुठे होती त्यांना," मालकीण म्हणाली. "मी म्हटलं होतं, काका, नका उतरू, गुडघा धरून चालताय. तर म्हणाले, लिहिणारी आमच्या घरातली आहे, काहीतरी बघूनच लिहिलं असेल, खाली गेल्यावर सपाट लागत असेल. बाई नको नको म्हणत होत्या. दुपारी त्या एकट्याच वर आल्या. तोंड लालबुंद, चप्पल एकाच पायात. चौघांबरोबर खुर्ची खाली पाठवली, त्यात बसवून त्यांना वर आणलं. नंतरचे सहा दिवस दोघं त्या कोपऱ्यातल्या खोलीत होती. तिला खिडकी आहे, पण समोर भिंत."

"मग लगेच घरी का नाही गेली?"

"मीही तेच म्हटलं. तर बाई म्हणाल्या, आधी गेलो तर बहिणीला कळेल." मालकिणीने पुढचा टॉवेल उचलला. "तुम्हीच का ती बहीण?"

धाकटीने मान डोलावली.  मालकिणीने पाण्याचा पेला भरून पुढे केला.

धाकटी पायऱ्या उतरायला लागली. मोजतच उतरली. शंभरापर्यंत तिला वाटत होतं, एवढं काही नाही. मग दगड वाकडे लागायला लागले, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला नुसती हवा. एकशे सत्त्याहत्तराव्या पायरीवर ती थांबली. झाड नाही, आडोसा नाही, कोणी हाक ऐकेल असं घर नाही. ती तिथे बसली. दोन तास म्हणजे किती, हे बघावं असं तिच्या मनात होतं. वीस मिनिटांत डोकं ठणकायला लागलं आणि ती उठली.

तळं खरंच तिथून दिसत नव्हतं. खाली पोचल्यावर दिसलं. पाणी आटून मधोमध गेलेलं, त्यावर हिरवं शेवाळ, काठाला एक फुटकी होडी उपडी पडलेली. वास असा की नाकाला पदर लावावा लागला. 'निळंशार' हा शब्द तिला कुठून सुचला होता, ते आठवेना. छायाचित्रही काळंपांढरं होतं बहुतेक.

परत आल्यावर तिने पहिलं काम केलं ते नवा मजकूर लिहिण्याचं. पायऱ्या किती, कठडा नाही, पाणी पावसाळ्यानंतर दोनच महिने. साहेबांनी वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे वाचून कोण जाईल तिथे?"

"ज्यांना चढता उतरता येतं ते."

"आणि मग बाकीची एक्केचाळीस? तीही अशीच लिहिणार?"

साहेब चिडून नव्हते बोलले. साधंच विचारलं होतं त्यांनी.  पण धाकटीने तोवर एकाच गावाचा विचार केला होता, कारण एकाच गावात तिचा माणूस पडला होता. उरलेल्या एक्केचाळीस गावांत कोणाकोणाचं काय झालं होतं, देव जाणे. त्या आठवड्यात ती एकेका हॉटेलाला फोन करत बसली. आता प्रश्न बदलले होते. पायऱ्या किती? दवाखाना किती लांब? लांब म्हणजे किती? सात गावं झाल्यावर साहेबांनी तिला बोलावलं आणि लिहिण्याचं काम दुसऱ्याकडे दिलं. तिला अभिप्रायांच्या गठ्ठ्यावर बसवलं. तळ्याचा मजकूर पुढच्या पुस्तिकेत होता तसाच छापला गेला. फक्त 'चार पावलांवर' च्या जागी कोणीतरी 'जवळच' केलं होतं.

रविवारी सकाळी ती ताईकडे गेली. भाऊजी पाय स्टुलावर ठेवून बसले होते. धाकटीने तो कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. "मी जाऊन आले," ती म्हणाली.

भाऊजींनी कागद ओळखला. त्यांचे कान लाल झाले. "हा तुला लिहिला नव्हता," ते म्हणाले. "तिथे कोणीतरी कारकून वाचत असेल, असं वाटलं. विचारलं होतं म्हणून लिहिलं. खोटं लिहवेना."

"कसला कागद?" ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने तो उभ्यानेच वाचला. आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "तू गेली होतीस तिथे? कशाला?"

"मला बघायचं होतं, ताई. माझ्यामुळे भाऊजींचा पाय..."

"ते आम्हाला माहीत नव्हतं का?" ताईचा आवाज चढला नव्हता. उलट खाली गेला होता. "सहा दिवस त्या भिंतीकडे बघत बसलो, ते कोणासाठी? आईचं सगळं तू केलंस. अकरा वर्षं. मी वर्षातून दोनदा यायची, पाहुणीसारखी. तिचं अंग पुसायची वेळ आली की माझी बस असायची. तू कधी एका शब्दाने बोलली नाहीस. तुझ्या हातून एक चूक झाली, तर ती मला गिळता येऊ नये? तेवढंही मला करू द्यायचं नाही तुला?"

"मी माफी मागायला आले गं."

"हो ना. म्हणजे आता मी तुला माफ करायचं. आणि मग मी जे केलं नाही, त्याचं काय?"

असं काही ताईच्या मनात असेल, हे धाकटीला कधी सुचलं नव्हतं. आईचं करताना तिला राग आला नव्हता असं नाही. बसस्टॉपवर ताईला सोडून परतताना कितीतरी वेळा दात आवळले होते तिने. आता "मला कधी काही वाटलं नाही" म्हणणं सोपं होतं. ती म्हणाली, "वाटायचं मला. तू निघालीस की वाटायचं."

ताई कागद स्टुलाच्या कडेला ठेवून आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तसाच येत राहिला.

भाऊजींनी काठीने कागद जवळ ओढला. बाहेरच्या खोलीत दोघंच होती. त्यांनी हळूच विचारलं, "खालपर्यंत गेलीस?"

"हो."

"पायऱ्या?"

"दोनशे एकसष्ट."

"मग शेवटच्या चार मला दिसल्या नसतील." त्यांनी मान डोलावली. "आणि पाणी?"

"थोडंसं. हिरवं. वास मारत होतं."

भाऊजी हसले. पोट हलवणारं, आवाज न करणारं हसू. हसता हसता त्यांनी गुडघा दाबून धरला. धाकटीला हसू आलं नाही. आत जावं की नको, हे तिला ठरवता येईना. शेवटी ती उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. ताई पाठमोरी होती. धुतलेलीच भांडी पुन्हा धूत होती. धाकटीने शेजारचं फडकं उचललं आणि एकेक भांडं पुसायला घेतलं. ताईने वळून पाहिलं नाही, पण पुढचं भांडं तिच्या हातात दिलं.

त्यानंतर तीन रविवार ताईचा फोन आला नाही. चौथ्या रविवारी आला. भाऊजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, दवाखान्यात दिवसा कोणीतरी बसायला हवं होतं.

"दिवसा मी बसते," धाकटी म्हणाली.

"नको," ताई म्हणाली. "दिवसाही मी आणि रात्रीही मीच. तू फक्त संध्याकाळी भेटायला ये. पाहुणीसारखी."

हे रागाने म्हटलं होतं की मायेने, ते धाकटीला फोन ठेवल्यावरही कळलं नाही. ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी ती गेली, बाकावर बसली आणि भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा उठली.