हुकमाबाहेरची सलामी

पितळेची नळी दोनदा वळवली, एका टोकाला ओठ टेकवायला जागा केली आणि दुसरं टोक धोतऱ्याच्या फुलासारखं उघडलं, की झालो मी. मित्रांनो, मला ना पडदे, ना कळा. पोलीस मुख्यालयातला एक जुना बिगुल, एवढीच माझी ओळख. माझ्याकडे सूर इनमीन पाच. पण त्या पाच सुरांवर शेकडो माणसं उठली, चालली, थांबली आणि कधीकधी रडलीसुद्धा.

माझा जन्म दूर उत्तरेत, मेरठच्या एका गल्लीत झाला. एका म्हाताऱ्या कारागिरानं मला तापवलं, ठोकलं, घासून चकचकीत केलं आणि पहिला श्वास त्यानंच माझ्यात फुंकला. मग पेंढ्यात गुंडाळून मला रेल्वेनं पाठवलं ते थेट मराठवाड्यात, गोदावरीच्या काठच्या एका शहरात.

तुम्हाला चौकातला पोलीस माहीत असतो, फार तर जवळचं ठाणं माहीत असतं. पण ही सगळी झाडाची पानं. बुंधा म्हणजे मुख्यालय. सर्वांत वर पोलीस अधीक्षक, त्यांच्याखाली उपअधीक्षक, मग ठाण्याठाण्यांचे निरीक्षक, उपनिरीक्षक, हवालदार आणि शिपाई. गाड्या इथूनच सुटतात, बिनतारी संदेश इथूनच जातात, श्वान पथकातली कुत्री इथंच भुंकतात. मैदानाचा आणि मुख्यालयाचा कारभार राखीव निरीक्षकांकडे असतो. बंदुका जिथं पहाऱ्यात ठेवतात, त्या क्वार्टर गार्डच्या भिंतीवर माझी खुंटी होती. सकाळी झेंडा चढताना मी वाजायचो, सूर्य मावळताना झेंडा उतरतानाही मीच. एक मेच्या दिवशी चांगलं काम करणाऱ्यांच्या छातीवर सन्मानचिन्ह लागायचं, तेव्हा त्यांच्या बायकापोरांचे चेहरे मी जवळून पाहिले आहेत.

माझ्या आयुष्यातला खरा श्वास मात्र व्यंकटीचा. हा जळकोटकडचा शेतकऱ्याचा मुलगा. छाती भरदार, बोलणं थोडकं. पहिल्या दिवशी त्यानं मला तोंडाला लावलं आणि असा काही आवाज काढला, की अख्खी पलटण हसली. सर्वांत मोठ्यानं हसला तो अंगद.

"अरे, हे बिगुल हाय का आमची म्हैस?" असं म्हणून त्यानं व्यंकटीच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेतून दोघांची दोस्ती जमली.

अंगद अर्धापूरजवळच्या एका खेड्यातला. घरी केळीची बाग. भरती एकाच वेळची, खाट शेजारी, ताट एकच. व्यंकटी मला वाजवायचा आणि अंगद झेंड्याची दोरी ओढायचा. माझ्या प्रत्येक धुनेवर अंगदनं शब्द बसवले होते. जेवणाची धून वाजली की तो गायचा, "वरण पातळ, वरण पातळ, आज बी पातळ." पुढं नवीन पोरं ती धून त्याच शब्दांवरून शिकली. राखीव निरीक्षक शेषेराव साहेब शिस्तीचे कडक. पण एकदा त्यांनाही मी ते गुणगुणताना ऐकलं.

मग एका पावसाळ्यात अंगद केळीच्या कापणीसाठी रजेवर गावी गेला. दुपारी ओढ्याला अचानक पाणी आलं आणि केळी भरलेला टेम्पो पुलावर अडकला. टेम्पोत मजूर बाया होत्या. अंगदनं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक काठावरच्या ट्रॅक्टरला बांधलं आणि एकेकीला काठावर आणलं. शेवटची बाई काठाला लागली आणि दोर तुटला. अंगद दुसऱ्या दिवशी खाली बंधाऱ्यापाशी सापडला.

व्यंकटी अंगदच्या गावाहून, त्याला अग्नी देऊन परत आला आणि मला मांडीवर घेऊन पुसत बसला. कितीतरी वेळ पुसत होता. मी आधीच लख्ख होतो, तरी पुसत होता.

मित्रांनो, दरवर्षी एकवीस ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. कर्तव्य करताना वर्षभरात देशात जे पोलीस गेले, त्यांची नावं मैदानावर वाचतात. बंदुकांची तोंडं जमिनीकडे वळतात आणि मी 'लास्ट पोस्ट' वाजवतो. गेलेल्याला निरोप देणारी ती धून आहे. त्या वर्षी अंगदची आई सगुणाबाई जीपगाडीनं आली. मागच्या रांगेत, पदर सावरून बसली. नावं वाचून संपली. मी वाजलो. माणसं उठली.

सगुणाबाईनं व्यंकटीला गाठलं. "बाबा, माझ्या लेकराचं नाव राह्यलं काय रे? का मलाच ऐकू आलं न्हाई?"

खाली बघत व्यंकटी म्हणाला, "काकू, त्यो रजेवर होता. नियमात बसना."

"रजेवर होता म्हून काय त्येनं काठावर हुबं ऱ्हाऊन बघायचं होतं?"

शेषेराव साहेबांनी वरपर्यंत लिहून पाहिलं. उत्तर तेच आलं. कुणी वाईट नव्हतं, मित्रांनो. नियम तेवढा तोकडा होता.

पुढच्या ऑक्टोबरात व्यंकटीनं तिला फोन केला, "काकू, येऊ नका. उगं तरास हुईल." पण ती आलीच. म्हणाली, "दुसऱ्यांच्या लेकरांची तर नावं ऐकते. त्यांच्या आया कुटं एवढ्या लांब येत्यात?"

त्या दिवशीही सगळं रीतीप्रमाणं झालं. परेड सुटली. शिपाई खुर्च्या उचलू लागले, बँडवाले चहाकडे वळले, नव्या अधीक्षक मॅडम गाडीकडे निघाल्या. सगुणाबाई मात्र खुर्चीवर तशीच बसून होती. तिच्या आजूबाजूच्या खुर्च्या निघत गेल्या आणि ती एकटी उरली.

व्यंकटीनं तिच्याकडे पाहिलं. मग तो ताठ चालत मैदानाच्या मध्यभागी गेला, स्मारकाकडे तोंड केलं आणि मला ओठांना लावलं. त्याचे ओठ थरथरत होते. मला वाटलं, सूर फुटणार. पण आयुष्यात कधी घेतला नसेल असा श्वास त्यानं घेतला आणि मी 'लास्ट पोस्ट' वाजवू लागलो. हुकूम नसताना.

ही धून कानावर आली की गणवेशातला माणूस असेल तिथं सावधान उभा राहतो. का वाजली, हे आधी कुणी विचारत नाही. खुर्च्या हातातून खाली ठेवल्या गेल्या. चहाचे कप थांबले. क्वार्टर गार्डच्या पहारेकऱ्याचे बूट खाडकन जुळले. गाडीचं दार उघडं टाकून अधीक्षक मॅडम वळल्या आणि त्यांचा हात टोपीपाशी गेला. शेषेराव साहेबांचाही गेला. शिपायापासून अधीक्षकांपर्यंत सगळं मुख्यालय त्या एका बाईच्या खुर्चीभोवती निश्चल उभं होतं.

शेवटचा सूर विरला. मॅडम चालत व्यंकटीजवळ आल्या.

"कुणाच्या हुकमानं वाजवलंत?"

"हुकूम नव्हता, मॅडम."

"मग कुणासाठी?"

"अंगदसाठी. ती त्याची आई हाय." एवढंच बोलून व्यंकटी सावधान उभा राहिला. बाकीचं शेषेराव साहेबांनी सांगितलं.

मॅडमनी एकदा खुर्चीवरच्या सगुणाबाईकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हुकमाशिवाय बिगुल वाजवलात, त्याची शिक्षा होईल. आठवडाभर जादा परेड."

"जी, मॅडम." इतक्या आनंदानं शिक्षा घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग मॅडम सगुणाबाईपाशी गेल्या आणि तिच्यासमोर चक्क जमिनीवर बसल्या. "आई, ती यादी वर ठरते. ती माझ्या हातात नाही. हे मैदान मात्र माझ्या हातात आहे. पुढच्या वर्षी याल ना?"

सगुणाबाईनं त्यांच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. अधीक्षकांची अशी दृष्ट काढलेली मैदानानं पहिल्यांदाच पाहिली.

पुढच्या वर्षी देशभरातली नावं वाचून झाली, मी वाजलो, पण परेड सुटली नाही. मॅडम स्वतः माइकपाशी आल्या. "आता आपल्या घरचं एक नाव," त्या म्हणाल्या. "गणवेश अंगावर नव्हता, पण काम पोलिसाचंच केलं. पोलीस शिपाई अंगद."

मागच्या रांगेतून सगुणाबाई उभी राहिली. नाव पुकारल्यावर ओ द्यायची असते, एवढंच तिला ठाऊक. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "हाव! माझा हाय!"

व्यंकटीनं मला ओठांना लावलं. त्या दिवशी सूर जरा हलला. पण कुणी हसलं नाही.

आता व्यंकटी निवृत्त होऊन जळकोटला असतो. माझा सांधा सुटला आहे, वारा गळतो. नवा बिगुल आला आणि मला काचेच्या कपाटात ठेवलं. पितळ काळं पडत चाललंय. पाहुणे येतात, वाकून बघतात, पुढं जातात. त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? जुन्या वाद्याला नुसती काच नको असते. अधूनमधून फडकं आणि कुणाचा तरी श्वास हवा असतो. तेवढं कुणाला तरी सांगा.

आणखी एक सांगा. तुमच्या गावातही कुणीतरी पुरात उतरलं असेल, आगीत शिरलं असेल, आणि त्याचं नाव कुठल्याच मैदानावर वाचलं जात नसेल. मित्रांनो, त्याचं नाव तुम्ही मोठ्यानं घ्या. त्याच्या आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.