एकतीस किलो जास्त

साहेब, तुम्ही आम्हाला फसवलंत. चुकून नाही, विसरून नाही. समजून-उमजून फसवलंत आणि वर माझ्या ताईच्या डोळ्यांदेखत हात झटकलेत.

मी वेल्डर. गेटं, खिडक्यांचे गज, लोखंडी जिने ही माझी कामं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणीच्या तापात तिचे दोन्ही पाय गेले. चार किलोमीटरवरच्या कारखान्यात ती बसून कापड बेतते. बसची पायरी उंच, म्हणून ओळखीचे दोन प्रवासी तिला रोज उचलून चढवतात. माणसं भली आहेत. पण ती म्हणायची, "बारा वर्षं पोत्यासारखी चढतेय रे. एकदा माझी मी जाऊ दे."

म्हणून मी गाडी बांधली. चार चाकं, एक सीट, विजेची मोटर, ब्रेक हातात. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर हलक्या गाड्यांच्या वर्गात पास व्हावी लागते, आणि त्यात वजन, बॅटरी सोडून, चारशे किलोंच्या आत हवं. तुमचं नियमांचं पुस्तक मी, सातवी नापास माणसानं, तीनदा वाचलं. गेटवाल्याच्या हातची गाडी, ती काय पिसासारखी असणार! तरी तुमच्या वाहन कार्यालयात पहिल्या तपासणीला काटा तीनशे शहाऐंशीवर थांबला.

तुम्ही गाडीभोवती फिरलात, वेल्डवरून बोट फिरवलंत, हात चांगला आहे म्हणालात. मग दोन्ही बाजूंना आडव्या नळ्या आणि डोक्यावर एक कमान टाकायला सांगितलीत. मी वजनाचा विषय काढला, तर माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "वजनाचं मी बघतो. तू सांगतो तेवढं कर."

मी कागद मागितला नाही, हा पहिला गाढवपणा. दुसरा गाढवपणा खास आमच्या धंद्यातला. नळ्या नटबोल्टनं बसवता आल्या असत्या, लागल्या तर काढताही आल्या असत्या. पण ज्याचा स्वतःच्या वेल्डवर भरवसा नाही तो बोल्ट लावतो, असं आम्ही मानतो. मी सगळं सांगाड्याशी एकजीव करून टाकलं. तुमच्या शब्दावर.

इकडे ताईनं कारखान्यात सांगून टाकलं, सोमवारपासून माझी मी येणार. बसमधल्या त्या दोघांचे आभारसुद्धा मानून आली.

दुसऱ्या तपासणीला काटा चारशे सतरावर गेला. तुम्ही नामंजूरचा शिक्का मारलात. नळ्या तुम्हीच सांगितल्या होत्या म्हटलं, तर माझ्याकडे न बघता फायलीकडे बघून म्हणालात की असं काही नोंदीत नाही. मग कापून काढतो म्हटलं. तर वेल्ड कापला की सांगाडा कमजोर धरतात, तसा नियम आहे म्हणे. आणि वर सल्ला दिलात, मोटारीच्या वर्गात अर्ज कर. तिथे एक गाडी भिंतीवर आपटून दाखवावी लागते. साहेब, माझ्याकडे एकच आहे.

तेव्हा बाकावरून ताई बोलली. "साहेब, त्या दिवशी मी इथेच बसले होते. तुम्ही बोललात ते मी ऐकलंय."

"बाई, घरच्यांची साक्ष चालत नाही."

एवढंच म्हणालात आणि पुढच्याला हाक मारलीत.

गाडी टेम्पोत चढवायला चार माणसं लागली, ताईला दोन. सोमवारी बसस्टॉपवर तेच दोघे उभे होते. त्यांनी तिला नेहमीसारखं उचललं. ताईनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी पुस्तक चौथ्यांदा वाचलं. हलक्या गाडीला डोक्यावर कमान हवी, बाजूला नळ्या हव्यात, असं त्यात एकाही पानावर नाही. मग हे सगळं कशाला घालायला लावलंत? कलम असेल तर त्याचा आकडा लिहा. नसेल तर नाही म्हणून लिहा. खाली सही करा आणि ताईच्या नावानं पाठवा. तोंडी नको, तोंडी एकदा मिळालंय. बोला, कुठल्या कलमाखाली?