नाव निकेतचं, काम संजनाचं

सुगंधाबाईंचा सोमवारचा उपास होता. पूजा आटोपून मुर्धा गावातल्या आपल्या घरात त्या साबुदाणा परतत होत्या. ओट्याच्या टोकाला लॅपटॉप ठेवून थोरली सून संजना काम करत होती. वेबसाइटचा जो भाग लोकांना दिसतो, त्याचा आराखडा आखून तो उभा करण्याच्या कामात तिला नऊ वर्षं झाली होती. आता ती घरबसल्या परदेशातल्या कंपन्यांची कामं करी. पण त्या कंपन्यांपुढे नाव आणि फोटो धाकट्या दिराचा, निकेतचा. तीन वर्षांपूर्वी थोरला मुलगा वारला तेव्हा सुगंधाबाईंनीच ठरवलं होतं, "विधवा बाईचा फोटो जगभर कशाला? लोक काय बोलतील?" मीटिंगला निकेत कॅमेऱ्यासमोर बसे आणि संजना बाजूला बसून त्याला उत्तरं टाइप करून देई.

आज त्याच कामाच्या जोरावर निकेतचं लग्न जमत होतं. जवळच्या गोडदेव गावची मुलगी, पूर्वी, आईवडिलांबरोबर आली. शुभकार्यात समोर नको, म्हणून संजना आतच राहिली.

पूर्वी त्याच लाइनीतली निघाली. "तुमची ती बुकिंगची वेबसाइट पाहिलीय मी. मस्त आहे! पण प्रत्येक भाग असा सुटा का बांधलात?"

"ते... जरा पाणी आणतो हं." निकेत उठला.

"इंटरव्ह्यू नाही घेत हो, सहज विचारतेय!" ती हसली.

तो स्वयंपाकघरात आला. "वहिनी, पटकन सांग ना, काय बोलू?"

"मीच येऊन सांगू का, भावोजी?"

"वेडी झालीस? आई, सांग ना हिला!"

संजना सासूकडे बघत राहिली. रागानं नव्हे, नुसतीच. एवढे उपासतापास केले, आणि तीन वर्षं देवासमोर रोज हे खोटं घेऊन बसले, असं सुगंधाबाईंना वाटलं. सुनेचा हात धरून त्या बाहेर आल्या.

"पोरी, हिला विचार. काम हिचं हाय. निकेतचं न्हाय."

पूर्वीच्या वडिलांनी कप खाली ठेवला. "म्हणजे फसवलंत आम्हाला?"

"व्हय. मीच फसवलं. तुमाला, आन् हिला त्याच्या आधी."

निकेत तरातरा आत निघून गेला. पाहुणे उठले. पूर्वी मात्र दारात थांबली.

"वहिनी, यापुढे तुमचं काम बघायचं झालं, तर कुठे शोधू? तुमच्या नावाने काहीतरी असेल ना?"

"नाही," संजना शांतपणे म्हणाली. "कुठंच नाही."

सुगंधाबाईंना मान वर करवली नाही.