पुलावरची वीस मिनिटं

"मामा, बागा का बॉर्डर, तेवढं सांगा की. पाचला परवानगीची यादी पाठवायची हाय," स्वप्नाली म्हणाली.

शिवाजी पेठेतल्या तिच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात जोतीराम मघापासून पाय हलवत बसला होता. काश्मीर सहलीचा शेवटचा दिवस. एक तर बागा बघायच्या, नाहीतर सीमेवरच्या गावाची फेरी. सात तास गाडीत आणि वीस मिनिटं सीमेवरच्या नदीच्या पुलावर. लष्कर म्हणेल तेव्हा मागं फिरायचं.

"बागा," तो म्हणाला.

"माझं बॉर्डर लिव्ह. एकटीचं," तानाबाई म्हणाली. मग नवऱ्याच्या कानाशी वाकली. "उदय त्या पुलाच्या वरच्या चौकीत हाय. भेटायला सोडत न्हाईत. दुर्बिणीतनं बघतो म्हनलाय."

"बघू दे. मला काय त्याचं?"

उदयसिंह त्यांचा एकुलता एक. सहा वर्षांपूर्वी त्यानं पलीकडच्या पेठेच्या फुटबॉल संघाची जांभळी जर्सी घातली आणि फायनलला आपल्याच पेठेवर गोल मारला. बाहेरच्याला हसू येईल, पेठेत कुणी हसलं नाही. फाउंड्रीत चाळीस वर्षं साचे भरलेल्या हातानं जोतीरामनं भर मैदानात त्याच्या कानाखाली ओढली, अंगावरची जर्सी फाडली आणि दारात पाय ठेवू नको म्हणाला. पोरगं गेलं ते थेट भरतीला. सुट्टीला आलं तरी तानाबाईच्या भावाकडं उतरायचं.

चुकलं हे जोतीरामला वर्षभरातच कळलं होतं. पण कळून काय करता, तोंड उघडायला नको? गेल्या वर्षी तिकडं गोळाबार झाला, चार दिवस फोन नव्हता, तेव्हा त्याच्या घशाखाली भाकरी उतरेना. फोन आला तेव्हाही गड्यानं तो कानाला लावला नाही.

"त्यो तरी वळखणार कसा?" तानाबाई पुटपुटली. "पुलावर गर्दी. लांबनं समदी म्हातारी सारखीच."

जोतीराम उठला. साडेचार वाजले होते.

"अवं, कुठं निघाला?"

तो बाहेर पडला. रस्ता ओलांडून सरळ पलीकडच्या पेठेत शिरला. उभ्या जन्मात त्या बाजूला त्यानं चहासुद्धा घेतला नव्हता. केरबाच्या खेळाच्या सामानाच्या दुकानाची पायरी चढला. केरबा पलीकडच्या संघाचा जुना गोलकीपर.

"तुमची जर्सी दे. नऊ नंबर."

"कुणाला?"

"मला."

केरबानं त्याच्याकडं टक लावून पाहिलं. संध्याकाळपर्यंत ही बातमी दोन्ही पेठांत होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. केरबा स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरची मोठ्या मापाची जर्सी काढून दिली.

ऑफिसात स्वप्नालीनं यादी पाठवायला घेतली होती. पाचला तीन मिनिटं कमी.

"थांब पोरी. माझं बी बॉर्डर लिव्ह," जोतीराम धापा टाकत म्हणाला आणि तिथंच शर्टावर जर्सी चढवली. ती पोटावर ताणली. काचेबाहेर त्याच्याच पेठेच्या तालमीतली दोन माणसं थबकली. तो हलला नाही.

तानाबाईनं पाठीवरचा नऊचा आकडा बघितला. "त्येचाच नंबर?" ती म्हणाली.

"व्हय. लांबनं दिसंल न्हवं?"

"दिसंल की. पन नंबर पाठीवर हाय. वीस मिनिटं चौकीकडं पाठ करून ऱ्हावं लागंल. तुमाला त्यो दिसायचा न्हाय."

जोतीरामनं जर्सी खाली ओढून नीट केली.

"मला नगं दिसू दे. त्येला दिसू दे."

तानाबाईनं त्याच्या पाठीवरची घडी हातानं सपाट केली आणि स्वप्नालीनं यादीत त्याचं नाव घातलं.