पडद्यावरचा गुलाबी रंग

बाळ चार दिवसांचं झालं, आणि ते पिवळं पडलंय असं घरात फक्त त्याच्या आईला वाटत होतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सोन्यासारखं आहे म्हण की! पहिलटकरणीला बाळाची सावलीसुद्धा आजारी दिसते."

सुईणबाई यायच्या त्या फोनच्या पडद्यावरच. त्यांच्या एकटीच्या वाट्याला साठ बाळंतिणी. सकाळी अकराला दहा मिनिटं मिळाली तरी देव पावला म्हणायचं. बाळंतिणीच्या फोनचा कॅमेरा फुटलेला, म्हणून नणंदेचा फोन उशीला टेकवून ठेवला होता.

"बाई, मला हा पिवळा वाटतोय."

सुईणबाई चष्मा सावरून पुढे वाकल्या. "खिडकीशी न्या बघू. नाकावर बोट दाबा... छे गं, चांगला गुलाबी दिसतोय. दूध पितो ना?"

"पितो, पितो," सासूबाई मागूनच बोलल्या. "पिऊन ढाराढूर झोपतो. बापावर गेलाय!"

बाई हसल्या. ती हसली नाही. बाळ पीत नव्हतं, नुसतं तोंडात धरून पेंगत होतं. पण शिकल्यासवरल्या बाई म्हणतात, चार लेकरं वाढवलेल्या सासूबाई म्हणतात, तर आपलेच डोळे फुटले असतील, असं म्हणून ती गप्प राहिली.

सहाव्या दिवशी बाळ रडेनासंच झालं. अकराचा फोन लागला. बाईंनी डोळे उघडून दाखवायला सांगितले. पापणी वर करता करता तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या चेहऱ्यावर गेली. गोरापान, तुकतुकीत. लहानपणी भाजल्याचा हनुवटीवरचा डाग कुठे गेला? तिने चाचपून पाहिलं. बोटांना लागत होता, पडद्यावर नव्हता.

"वन्सं, ही मी नाही."

नणंदेचं तोंड उतरलं. "वहिनी, तो... तो फोन चेहरे आपोआप उजळ करतो. फोटोंसाठी लावून ठेवलं होतं. माझ्या ध्यानातच—"

"काढा ते! आधी काढा!"

नणंदेने बोट दाबलं. पडद्यावरचं बाळ क्षणात हळदीसारखं झालं.

सुईणबाईंचा आवाज चिरकला. "अगं, तळपायापर्यंत पिवळा आहे हा! उठा. असाल तशा दवाखान्यात न्या. कपडे-बिपडे काही घेत बसू नका."

बाळाचं रक्त बदलावं लागलं. जीव वाचला. डॉक्टर एवढंच म्हणाले, "दोन दिवस आधी आणायचं होतं." ते ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं. सुईणबाईंचे फोन येत राहिले. तिने एकदाच उचलला. पलीकडे बाई नुसत्याच रडत होत्या.

दोन महिन्यांनी बाळाच्या कानांना तारा लावून तपासणी झाली. तपासणाऱ्या मुलीने तीनदा यंत्र चालवलं, मग मान न उचलता कागद पुढे केला. काविळीने दोन्ही कान गेले होते.

परतीच्या बसमध्ये बाळ कुरकुरलं. सासूबाईंनी त्याला मांडीवर घेतलं, सवयीने अंगाई सुरू केली आणि दुसऱ्याच ओळीला थबकल्या. "कुणासाठी म्हणतेय गं मी? त्या दिवशी मधे बोलले नसते तर..."

सुनेच्या ओठांवर फार काही आलं होतं. ते तिने गिळलं. बाळाचा इवला तळवा उचलून तिने सासूबाईंच्या गळ्यावर टेकवला.

"म्हणा, आई. थांबू नका."