दोन कॅमेरे आणि चार बोटं पाणी

मी कॅमेरा आहे. शर्टाच्या खिशात ठेवला तर खिसा फुगत नाही, इतका सडपातळ. माझं सगळं आयुष्य अशा खिशांत, पर्सच्या आतल्या कप्प्यांत आणि उशांखाली गेलं. तुम्हाला वाटेल, एवढ्याशा यंत्राला सांगण्यासारखं काय असणार? पण एका माणसाचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, याचा निकाल एकदा माझ्या हातून लागला. माझ्या एकट्याच्या हातून नाही, हे कबूल करतो. माझा एक जाडजूड जोडीदार होता. त्याचं नाव मोठेपणानं घ्यावंच लागेल.

माझा जन्म कारखान्यातला. जगातली पहिली गोष्ट मी पाहिली ती म्हणजे काळ्यापांढऱ्या रेघांचा एक कागद. माझी नजर तपासायला तो समोर धरला होता. नंतर काही महिने दुकानाच्या काचेमागे काढले. मग एक मुलगी आली, तिनं मला तळहातावर घेतलं, वजन पाहिलं आणि हसली. ही माझी मालकीण. सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ताई चष्म्याच्या दुकानात काम करते, फ्रेममध्ये काचा बसवते. त्यामुळे तिची बोटं फार हलकी. पुसायची वेळ आली की चष्म्याचं मऊ फडकं मिळायचं मला, ओढणीचं टोक नव्हे.

ताईबरोबर मी पुष्कळ माणसं पाहिली. फोटो काढतो म्हटलं की माणसं पोट आत घेतात आणि श्वास सोडायचं विसरतात. चारचौघांचा फोटो दाखवला की प्रत्येक जण आधी स्वतःला शोधतो. स्वतः बरा आला असला की म्हणतो, "छान आलाय हं फोटो!" मग शेजारच्याचे डोळे मिटलेले का असेनात. मला हे सगळं पाहायची भारी हौस. नसत्या चौकशा करणं हा माझा स्वभावच आहे. दाराआड काय आहे, पडद्यामागे कोण आहे, टोपीखाली केस आहेत की नाहीत, सगळं मला हवं असतं.

एकच जागा मला बंद होती. पाणी.

आणि ताईच्या वडिलांचा तर सगळा संसार पाण्याशी. ते पोहण्याच्या तलावावर कामाला. सव्वीस वर्षं तोच तलाव. पाणी गाळायचं, औषध घालायचं, फरशी घासायची, दिवे बदलायचे. लोक त्यांना तलावअण्णा म्हणत. तलावाच्या कडेनं निळ्या फरश्यांची एक ओळ आहे. पाणी बरोबर त्या ओळीला टेकलेलं असलं पाहिजे, हा अण्णांचा बाणा. कानाचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी त्यांना डोकं पाण्याखाली न्यायची सक्त मनाई केली होती. तेव्हापासून ते काठावरूनच तलाव सांभाळत.

तलावावर पोहणं शिकवणाऱ्या बाई होत्या. खणखणीत आवाज, आखूड केस, मनात येईल ते तोंडावर बोलणाऱ्या. एक दिवस त्यांनी पिशवीतून एक वस्तू काढून माझ्या शेजारी बाकावर आदळली. पिवळी, जाड, रबराचं जाकीट घातलेली, चारी कोपऱ्यांना स्क्रू. मला वाटलं, दाराची कडी असेल.

"हा माझा नवा कॅमेरा," बाई म्हणाल्या. "पोरांचे पाय पाण्याखाली कसे चालतात ते दाखवायला घेतला. आपटा, बुडवा, वाळूत लोळवा, ढिम्म राहतो."

"पण फोटो कसे येतात?" ताईनं विचारलं.

"ठीकठाक. तुझ्या कॅमेऱ्यासारखे नाजूक नाही येत बाई."

मी मनातल्या मनात नाक मुरडलं. माझं भिंग बटण दाबताच ऐटीत बाहेर सरकतं, लांबचं जवळ आणतं. याचं भिंग जाड काचेच्या खिडकीमागे जे बसलंय ते बसलंय. माझा पडदा लख्ख. याच्या पडद्यावर आठवड्याभरात इतके ओरखडे पडले की चेहरा आणि चेंडू यांत फरक कळेना. त्याच्या बॅटरीच्या आणि कार्डाच्या दारांना रबराच्या पट्ट्या. ती उघडायची तर नख मोडावं. मी एका बोटानं उघडतो. सगळ्या बाबतींत माझंच पारडं जड होतं. फक्त त्याला तलावात टाकलं की तो आनंदानं बुडायचा, आणि मी काठावर कोरडा बसून विचार करायचो, खाली आहे तरी काय?

ते मला लवकरच कळलं. बाईंच्या पिवळ्या कॅमेऱ्याच्या ओरखडलेल्या पडद्यावर काही दिसेना, तेव्हा ताईनं त्याचं मेमरी कार्ड काढलं आणि माझ्यात घातलं. माझ्या पोटात त्याची दुनिया उतरली! हिरवट निळा उजेड, वरून लोंबणारे दहा-बारा पाय, बुडबुड्यांच्या माळा, आणि पाण्याची वरची बाजू खालून पाहिली की कशी चकाकते ते. पुढं असं वरचेवर होऊ लागलं. पिवळ्याला मी कधी बोललो नाही, पण त्याचं कार्ड यायची मी वाट पाहायचो.

असं सगळं बरं चाललेलं असताना तलावाचे नवे व्यवस्थापक साहेब आले. त्यांनी पाण्याचं मीटर पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. तलाव रोज काठोकाठ, गळतीची कुठं खूण नाही, आणि पाणी मात्र वारेमाप वापरलं जातंय. साहेबांनी सरळ हिशोब केला. म्हातारा नळ चालू ठेवतो आणि विसरतो.

अण्णांना बोलावणं झालं. ताई त्यांचा डबा घेऊन आली होती, मी तिच्या पर्समध्ये होतो, म्हणून हे सगळं मी ऐकलं.

"अण्णा, राग मानू नका. पुढच्या महिन्यापासून तुम्ही फाटकावर बसा. बसून काम. वयाला झेपेल."

मला वाटलं, आता अण्णा भडकणार. पण ते हळूच म्हणाले, "असेल साहेब. विसरत असेन मी."

घरी जाताना ताई चिडली. "असं कसं म्हणालात तुम्ही? नळ तुम्ही बंद करता ना?"

"करतो असं वाटतं," अण्णा म्हणाले. "तीनतीनदा परत जाऊन बघतो. पण सकाळी पाणी उलट चार बोटं खाली असतं. मग मी कुणी यायच्या आत भरून टाकतो. पावणेदोन वर्षं झाली, अगं. कधी वाटतं, रात्री मीच थोडं पाणी बाहेर सोडून देतो की काय, आणि मलाच आठवत नाही. दादाचं असंच सुरू झालं होतं ना?"

दादा म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. शेवटी शेवटी त्यांना स्वतःच्या बायकोचं नावही सांगता येत नव्हतं. ताई रस्त्यातच थांबली. फाटकावर बसायचं दुःख अण्णांना नव्हतंच. आपलं डोकं चाललंय या भीतीनं त्यांना आतून पोखरलं होतं, आणि ही भीती ते रोज सकाळी पाणी भरून बुजवत होते. त्या क्षणी मला माझ्या सगळ्या नसत्या चौकशा फुकाच्या वाटल्या. मला आता एकच जाणून घ्यायचं होतं. पाणी जातं कुठं?

ताईनं बाईंना सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "सोपं आहे. अण्णा, तुम्ही भरू नका."

"भरू नका म्हणजे?"

"म्हणजे हात बांधून बसा. पाणी कुठवर उतरतं ते बघू. जिथं थांबेल तिथं भोक."

अण्णांना हे विष पिण्यासारखं होतं. तलाव अर्धवट! लोक काय म्हणतील? पण वर्षातून एकदा सफाईसाठी तलाव बंद असतो, ते दिवस तोंडावर होते. साहेबांनीही मान डोलावली. "बघा काय बघायचं ते," म्हणाले, "पण महिनाअखेर फाटक."

ताईनं नळाच्या चाकाला दोरा गुंडाळून गाठ मारली आणि तिचा फोटो काढला. मग सात दिवस रोज सकाळी ती तलावाच्या त्याच कोपऱ्यात, त्याच फरशीवर पाय ठेवून, माझ्या डोळ्यानं पाण्याची पातळी टिपत राहिली. पहिल्या दिवशी चार बोटं खाली. दुसऱ्या दिवशी आणखी चार. गाठ होती तशीच. अण्णा काठावर येरझाऱ्या घालत. नळाकडे बघत आणि हात खिशात कोंबत. सहाव्या दिवशी पाणी भिंतीतल्या दिव्याच्या वरच्या कडेशी आलं. सातव्या दिवशी मी फोटो काढला तो सहाव्या दिवसासारखाच. पाणी थांबलं होतं.

"दिवे कधी बदलले होते?" बाईंनी विचारलं.

"पावणेदोन वर्षांपूर्वी," अण्णा म्हणाले. तेव्हापासूनच पाणी उतरत होतं.

आता पाळी पिवळ्याची. अण्णांनी दिव्याच्या वर वीतभर पाणी चढवलं. बाईंनी बिनसुईच्या सिरिंजमध्ये निळी शाई भरली, दुसऱ्या हातात पिवळ्याला धरलं आणि बुडी मारली. दिव्याच्या फटीपाशी शाई सोडली. वर आल्यावर लगेच कार्ड माझ्यात आलं. पहिल्या फोटोत शाईचा ढग नुसता तरंगत होता. दुसऱ्यात त्याला शेपूट फुटलं होतं. तिसऱ्यात ते शेपूट दोऱ्यासारखं बारीक होऊन दिव्यामागच्या फटीत शिरत होतं. अशी गोष्ट मला सात जन्मांत दिसली नसती. शाबास रे जाड्या, मी म्हणालो, आणि मनापासून म्हणालो.

पण साहेब काही हलले नाहीत. "शाई फटीत गेली, ठीक आहे. पण एवढं पाणी बाहेर कुठं पडतंय? ओल दाखवा मला कुठं."

दिव्याची वायर ज्या नळीतून येते ती नळी पंपाच्या खोलीत निघते, हे अण्णांना ठाऊक होतं. पण नेमकी तिथं जुनी, बंद पडलेली गाळणीची टाकी उभी. टाकी आणि भिंत यांच्यात तीन बोटांची फट. तिथं डोकं जात नाही, टॉर्च टाकली तर टाकीचा फुगवटाच दिसतो. बाईंनी पिवळ्याला पुढं केलं. त्याचं रबराचं जाकीट फटीच्या तोंडाशीच अडकलं.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. "आत पाणी असलं तर हा मरेल," ती म्हणाली.

"नको मग," अण्णा म्हणाले. "तुझ्या बोनसचा आहे तो."

बाई धावत जाऊन दिव्यापाशी पुन्हा शाई सोडून आल्या. ताईनं माझा दोर मनगटाला गुंडाळला, हात खांद्यापर्यंत फटीत घातला आणि मला अंधारात सरकवलं. मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू? पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला उत्सुकता होती. गार हवा लागली. कुठंतरी बारीक सळसळ चालली होती, जी पंपाच्या घरघरीत आजवर कुणाला ऐकू आली नसणार. मी भिंग बाहेर काढलं. फ्लॅश पडला, आणि त्या एका क्षणात मला दिसलं. भिंतीतून निघालेली नळी, तिचं तोंड न बुजवलेलं, आणि त्यातून भिंतीवरून उतरत थेट गटारात जाणारं पाणी. निळं पाणी. मी तीन फोटो काढले. तिसऱ्या वेळी धार माझ्याच तोंडावर आली आणि भिंगाच्या नळीतून आत शिरली.

ताईनं मला बाहेर काढलं तेव्हा माझा पडदा लुकलुकत होता. तेवढ्यात तिनं तो अण्णांसमोर धरला. अण्णांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हे निळं..."

"आपलीच शाई, अण्णा. पाणी इथून जातंय. तुम्ही काही विसरत नव्हतात."

अण्णा पंपाच्या पायरीवर बसले. आधी हसले, मग चष्मा काढून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाईंनी एकदम पंपावरच्या दाबमापकाच्या काट्याकडे लक्ष द्यायला सुरुवात केली. माझा पडदा विझला तो तेव्हाच. माझं भिंग अर्धवट बाहेर होतं, ते आत गेलंच नाही.

कार्डातले फोटो शाबूत होते. साहेबांनी ते दुकानात नेऊन मोठे करून घेतले, खाकरले, आणि म्हणाले, "अण्णा, पण तुम्ही रोज भरून भरून ही गळती लपवलीत की." अण्णा म्हणाले, "हो साहेब. लपवली." फाटकाचा विषय पुन्हा निघाला नाही. नळीचं तोंड अण्णांनी स्वतः बुजवलं.

मला ताईनं चार दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलं. दुरुस्तीवाल्यानं मला उलटं करून हलवलं आणि म्हणाला, "याचं आता काही होणार नाही. नवा घ्या." ताईनं नवा घेतला नाही अजून. मी तिच्या टेबलाच्या खणात असतो. पिवळा रोज पोहतो. गळती कुणी शोधली असं कुणी विचारलं की लोक त्याचंच नाव सांगतात, कारण पाण्यातलं काम पाण्यातल्या कॅमेऱ्याचं, असं त्यांना वाटतं. सुरुवातीला मला झोंबायचं. आता तितकं नाही.

कधी खण उघडा राहतो तेव्हा घरातलं ऐकू येतं. परवा अण्णा अर्धा तास चष्मा शोधत होते. तो कपाळावरच होता. ताईनं दाखवला तेव्हा दोघंही पोट धरधरून हसले. वर्षभरापूर्वी अशा गोष्टीनं अण्णांचा चेहरा काळवंडला असता आणि ते न जेवता उठले असते.

माझं बाकी काही मागणं नाही. तुमच्या घरातलं कुणी "मीच विसरलो असेन" असं म्हणालं, तर "होतं या वयात" म्हणून मोकळे होऊ नका. त्याच्या शेजारी उभे राहा आणि पाणी कुठं जातंय ते बघा. अण्णा पावणेदोन वर्षं एकटेच बघत होते.